‘काय लावू?’च्या आधी

जखम घेऊन दवाखान्यात आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘डॉक्टर, काय लावू?’ बहुतेक वेळा तोवर त्यानं काहीतरी लावलेलंही असतं. तालुक्याच्या गावी तीस वर्षं सर्जन म्हणून काम करताना लोकांनी जखमांवर लावून आणलेल्या वस्तूंची यादी माझ्याकडे आपोआप तयार झाली : हळद, कुंकू, चुना, चहाची पूड, मशेरी, चिमूटभर तंबाखू, दगडी पाल्याचा रस, चुलीतली राख, शाई, टूथपेस्ट आणि एकदा तर ट्रॅक्टरचं ग्रीस. यातलं काहीही कुणी हयगयीनं लावलेलं नव्हतं. आईनं धावत जाऊन डबा उघडला होता, शेजारणीनं बांधावरचा पाला चुरगाळून आणला होता. पण ‘नळाखाली धरून चांगलं धुतलं आणि स्वच्छ फडकं बांधून आलो’ असं सांगणारी माणसं इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच भेटली.

हे पुस्तक त्या ‘काय लावू?’ला उत्तर म्हणून लिहायला घेतलं. लिहिता लिहिता ध्यानात आलं, की प्रश्न रास्त आहे, पण रांगेत त्याचा नंबर बराच मागे आहे. त्याच्या पुढे तीन प्रश्न उभे असतात. कसं झालं? आत काय राहिलंय? आणि भरून यायला आडवं काय येतंय? यांची उत्तरं मिळाली की लावायचं काय, हे सहसा आपसूक ठरतं आणि पुष्कळदा ते ‘फारसं काही नाही’ असंच ठरतं.

हे मला पाठ्यपुस्तकांआधी एका ड्रेसरनं शिकवलं. उमेदवारीच्या काळात मी ज्या इस्पितळात होतो, तिथे ते ड्रेसिंगच्या खोलीत बसायचे. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत. एकदा एक पोरगा लंगडत आला. तळव्याला मोहरीएवढं भोक, बाकी काही नाही. मी धनुर्वाताचं इंजेक्शन लिहून मोकळा झालो होतो. मामांनी पोराला विचारलं, ‘कशानं टोचलं रे?’ खिळ्यानं. ‘पायात चप्पल होती?’ होती. ‘आण बघू ती चप्पल.’ चप्पल रबरी होती. खिळा घुसला त्या जागी तिचा बारकासा तुकडा गायब होता. मामांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. भोक जरा मोठं केल्यावर तो तुकडा तळव्याच्या आत सापडला. तसाच राहिला असता तर आठ दिवसांत पाय सुजून, पू होऊन पोरगा परत आला असता आणि कदाचित हाडापर्यंत बाधा गेली असती. लावायला कुठलंही मलम पुरलं नसतं. काढायचं राहिलं होतं.

‘कसं झालं?’ या प्रश्नाचं उत्तर मराठी माणूस एका क्रियापदात देतो आणि त्या क्रियापदात निम्मं निदान असतं. खरचटलं, कापलं, टोचलं, फाटलं, चेचलं, भाजलं, चावलं. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तसे त्यांचे उपचारही बसत नाहीत.

खरचटतं तेव्हा कातडीचा वरचा थर घासून निघतो आणि मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. म्हणून गाडीवरून घसरलेल्या माणसाचा सोललेला गुडघा खोल वारापेक्षाही जास्त चुरचुरतो. अशी जखम बहुधा वण न ठेवता भरते. धोका असतो तो आत रुतलेल्या बारीक खडीचा आणि डांबराच्या कणांचा. ते वेळीच घासून काढले नाहीत, तर कातडी त्यांच्यावरून भरून येते आणि जन्मभराचं निळंकाळं गोंदण मागे राहतं. कापतं तेव्हा कडा सरळ असतात, रक्त भळाभळा येतं, माणूस घाबरतो; पण टाके घालायला ही सगळ्यांत सोयीची जखम. इथे फसगत होते ती वेगळ्या जागी. विळीनं किंवा कोयत्यानं बोट कापलेल्या माणसाची जखम शिवण्याआधी त्याला बोट वाकवायला आणि सरळ करायला सांगावं लागतं, टोकाला स्पर्श कळतो का ते पाहावं लागतं. वरची कातडी सुरेख शिवली आणि आतली शीर तुटलेलीच राहिली, तर वण देखणा होतो आणि बोट कामातून जातं.

टोचण्याचं गणित उलटं. तोंड बारीक, खोली जास्त, रक्त थेंबभर, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. पण बाभळीच्या काट्यासोबत किंवा गोठ्यातल्या खिळ्यासोबत आत गेलेली घाण धुऊन येत नाही आणि तिथे हवाही पोचत नाही. धनुर्वाताच्या जंतूला नेमकी हीच जागा लागते. चेचण्यात आणखी फसवेगिरी. कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात किंवा गाडीच्या दारात सापडलेला हात पहिल्या दिवशी दिसतो त्याहून तिसऱ्या दिवशी वाईट दिसतो. कारण दाबानं मेलेलं मांस आपण मेल्याचं लगेच सांगत नाही. अशी जखम घाईनं घट्ट शिवणं म्हणजे घाणीवर झाकण लावणं. ती धुवायची, मेलेलं काढायचं, उघडी ठेवायची आणि दोनचार दिवसांनी पुन्हा पाहून मगच बंद करायची. ‘डॉक्टरांनी टाकेच घातले नाहीत’ अशी तक्रार घेऊन आलेल्या नातेवाइकांना हे समजावताना माझी बरीच शक्ती खर्च झाली आहे. या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

ही क्रियापदांची वर्गवारी नवी नाही. सुश्रुतसंहितेत आघातानं झालेल्या ताज्या जखमांचे सहा प्रकार सांगितले आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. छिन्न म्हणजे कापलेली, विद्ध म्हणजे टोचलेली, पिच्चित म्हणजे चेचलेली, घृष्ट म्हणजे खरचटलेली. पोटाछातीच्या पोकळीपर्यंत पोचली ती भिन्न. आणि धड कापलेली नाही, धड भोसकलेली नाही, वेडीवाकडी फाटलेली ती क्षत. त्याच ग्रंथात जखमेवरचे साठ उपक्रम दिले आहेत. त्यांत लेप, तेल, तूप आहेत, तसंच चिरणं, खरवडणं आणि शिवणंही आहे. यादीच्या शेवटाकडे आहार आहे आणि रुग्णाचं रक्षण आहे. शिवण्याबद्दलची सूचना मला सगळ्यांत मोलाची वाटते : धूळ, केस, नख, हाडाचा सुटा तुकडा आत असेल तर आधी तो काढा, नाहीतर जखम पिकेल. मामांनी चप्पल मागवली त्यामागे हीच सूचना होती. त्यांनी सुश्रुत वाचलेला नव्हता.

मग मधल्या काळात ‘लावण्या’ला एवढं महत्त्व कुठून आलं? त्याचा इतिहास या पुस्तकाच्या पहिल्या भागात आहे. इथे त्यातले तीनच प्रसंग सांगतो.

सोळाव्या शतकात युरोपातल्या लढायांत बंदुका सर्रास झाल्या, तेव्हा गोळीच्या जखमेत दारूचं विष भिनतं अशी समजूत होती. उपाय म्हणून जखमेत उकळतं तेल ओतत. आंब्रॉज पारे हा तरुण फ्रेंच शल्यक इटलीतल्या मोहिमेवर असताना त्याच्याजवळचं तेल संपलं. नाइलाजानं त्यानं उरलेल्या सैनिकांना अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण लावलं आणि तेल न मिळालेले सैनिक सकाळी मेलेले सापडतील या भीतीनं त्याला रात्री झोप लागली नाही. पहाटे उठून पाहतो तर ते शांत झोपलेले आणि तेल मिळालेले मात्र तापानं फणफणलेले, जखमा सुजलेल्या. हा अनुभव त्यानं १५४५ साली छापलेल्या पुस्तकात नोंदवला. त्या रात्रीचं खरं औषध बलक नव्हता. तेल संपलं, हे औषध होतं.

दुसरा प्रसंग १२ ऑगस्ट १८६५चा, ग्लासगोचा. अकरा वर्षांच्या जेम्स ग्रीनलीस या मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं, हाड मोडलं आणि वरची कातडीही फाटली. त्या काळी अशा पायाचा शेवट बहुधा पाय कापण्यात किंवा मरणात व्हायचा. जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली आणि मुलगा दीड महिन्यानं आपल्या पायांनी घरी गेला. इथे लावलेल्या वस्तूनं खरंच काम केलं. म्हणजे जंतूंना दूर ठेवलं. पण यातून जगानं एक धडा जरा जास्तच घेतला : जंतुनाशक जितकं जहाल तितकं बरं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन्य इथे काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं दाखवून दिलं, की खोल, वेड्यावाकड्या जखमांत ही द्रव्यं सगळ्या जंतूंपर्यंत पोचत नाहीत आणि जंतूंशी लढणाऱ्या शरीराच्या पांढऱ्या पेशींना मात्र आधी मारतात. आजही घरोघरी सांडून लावलं जाणारं स्पिरिट आणि फसफसणारं पेरॉक्साइड हेच करतं. ‘झोंबतंय म्हणजे काम करतंय’ ही आपली ठाम समजूत. प्रत्यक्षात झोंबतं तेव्हा जंतूंबरोबर आपल्याही पेशी मरत असतात.

तिसरा प्रसंग १९६२चा. जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या पाठीवर सारख्या मापाच्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, त्यांवर खपली धरली. काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्यानं झाकून ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं पसरली. कारण साधं होतं. नव्या पेशींना ओल्या पृष्ठावरून सरकत जाता येतं; खपली असेल तर त्यांना तिच्या खालून वाट पोखरावी लागते. ‘जखमेला हवा लागू दे, सुकू दे’ हा आपला पिढीजात सल्ला तिथे मोडीत निघाला. अर्थात ओलसर म्हणजे चिंब नव्हे. आपल्याकडे आषाढात भातलावणी करून पायाच्या बोटांना चिखल्या झालेल्या बाईला हा फरक सांगावा लागत नाही.

याच धाग्यातलं आपल्याकडचं काम फार थोड्यांना ठाऊक आहे. भाजलेल्या रुग्णांसाठी लागणाऱ्या परदेशी पट्ट्या परवडत नाहीत, म्हणून मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून निर्जंतुक पट्ट्या तयार केल्या. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. बटाट्यात किंवा केळीत जादू नाही. ती साल, ते पान ओल टिकवतं, जखमेला चिकटत नाही आणि पट्टी बदलताना रुग्ण किंचाळत नाही. मात्र हे वाचून कुणी परसातलं पान तोडून भाजल्यावर बांधू नये. त्या अभ्यासातला महत्त्वाचा शब्द ‘निर्जंतुक’ हा आहे.

भाजण्यावर पुस्तकात तीन प्रकरणं आहेत, कारण घरगुती उपायांनी सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. गुऱ्हाळातल्या काहिलीतला रस अंगावर उडाला, सायलेन्सरचा चटका बसला, पोरानं गरम वरणात हात घातला, काहीही असो. पहिलं काम वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको. चटका देणारी वस्तू दूर झाली तरी कातडीत साठलेली उष्णता आत उतरत राहते; पाणी ती बाहेर काढून घेतं. टूथपेस्ट तीच उष्णता आत कोंडते आणि वर डॉक्टरला जखमेची खोली दिसू देत नाही. खोलीवरच सगळं अवलंबून असतं. फोड आलेलं, लालबुंद, प्रचंड दुखणारं भाजणं बहुधा आपलं आपण भरतं. पांढरं पडलेलं, चामड्यासारखं आणि मुळीच न दुखणारं भाजणं गंभीर. तिथे दुखायला मज्जातंतूच उरलेले नसतात आणि बहुधा कातडी दुसरीकडून आणून लावावी लागते. न दुखण्याचा आनंद मानून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

चावल्याचंही तसंच. कुत्रा चावला की मिरचीपूड, चुना, तेल लावायची पद्धत अजून गेलेली नाही. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो आणि मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे निघतो. साबण आणि वाहतं पाणी घेऊन पंधरा मिनिटं धुतलं, तर त्यातला मोठा भाग निघण्याआधीच वाहून जातो. त्यानंतर लस, आणि रक्त आलेलं असेल तर जखमेत व भोवती तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. शक्य तोवर टाके नकोत. हा आजार एकदा अंगावर उमटला की आपल्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून या एका बाबतीत मी रुग्णांशी कधी गोड बोललो नाही.

हळदीबद्दल लिहिलं नाही तर मराठी वाचक मला माफ करणार नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. या लढाईचा अभिमान मलाही आहे. पण तिथे सिद्ध काय झालं, ते नीट पाहिलं पाहिजे. हळद जखमेवर लावण्याचं ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं, हे सिद्ध झालं. स्वयंपाकघरातल्या डब्यातली, चमच्याचमच्यानं हात लागलेली हळद खोल जखमेत भरावी, हे सिद्ध झालं नाही. वाहणारं रक्त थांबवायचं तर हळदीपेक्षा स्वच्छ फडक्याचा दहा मिनिटांचा सलग दाब भरवशाचा. मध्येच उचलून ‘थांबलं का’ म्हणून पाहायचं नाही, एवढंच पथ्य.

पथ्यावरून आठवलं. जखम झाली की आपल्या घरांत पहिल्यांदा ताटावर गदा येते. वांगं बंद, डाळ बंद, आंबट तर अजिबात नाही, कारण ‘पू होतो’. पू जंतूंनी होतो. उलट जखम भरते ती ज्या तंतुमय प्रथिनानं, त्या कोलॅजनच्या विणकामाला प्रथिनं हवीत आणि क जीवनसत्त्व हवं. म्हणजे डाळ हवी, अंडं हवं, आवळा, पेरू, लिंबू हवं. १७४०च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या जॉर्ज अ‍ॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्हीची साथ पसरली. त्या सफरीच्या वृत्तांतात एक चमत्कारिक नोंद आहे : पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईत झालेली आणि केव्हाच भरून आलेली एका खलाशाची जखम पुन्हा उघडली. कारण वण म्हणजे एकदा शिवून ठेवून दिलेलं कापड नसतं. शरीर ते सतत थोडं उसवत आणि थोडं विणत असतं. विणायचा धागा संपला आणि उसवणं चालू राहिलं, की पन्नास वर्षांची शिवणही सुटते. जखम भरणं कधी ‘संपत’ नाही, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मला माहीत नाही. पूर्ण पिकलेला वणही मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्के ताकदीलाच पोचतो.

धाग्याइतकंच महत्त्व रक्ताला. त्याची गोष्ट तर पुण्याजवळची. म्हैसूरच्या १७९२च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक जण टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीतून त्याचं नवं नाक घडवलं. मेणाचा साचा करून तो कपाळावर ठेवला, त्या मापानं कातडी सोडवली, पण भुवयांच्या मधला बारीक दांडा तसाच जोडलेला ठेवला आणि पट्टी फिरवून नाकाच्या जागी बसवली. तो दांडा तोडला सुमारे पंचविसाव्या दिवशी. नव्या जागेतून रक्त मिळू लागल्यावर. ही हकिगत चित्रासह ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू या शल्यकानं तिच्या आधारे लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कावसजीचं नाव राहिलं. ज्यानं नाक घडवलं त्याचं नाव त्या मजकुरात नाही.

आता पुस्तकाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. न भरणाऱ्या जखमांकडे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या एका शिखरावर दिवाळीत अस्तंबाची यात्रा भरते. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा अजून या डोंगरांत आणि नर्मदेच्या काठी तेल मागत फिरतो, अशी तिकडे श्रद्धा आहे. लहानपणी ऐकलेली ही कथा माझ्या मनात व्यवसायामुळे पुन्हा जागी झाली. पायावर आठआठ वर्षांची जखम बाळगून दवाखान्यांमागून दवाखाने फिरणारे लोक मला भेटत गेले. प्रत्येकानं त्यांना तेल दिलं होतं. वेगवेगळ्या नावाच्या ट्यूबांत घालून. ही जखम कशानं झाली आणि कशानं टिकली, हे विचारणारे थोडे.

घोट्याच्या वर आतल्या बाजूला काळपट कातडीतली जखम घ्या. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांत, म्हणजे शिक्षक, कंडक्टर, पोलीस, हॉटेलातले वेटर यांच्यात ती नेहमी दिसते. पायातलं रक्त वर चढवणाऱ्या शिरांच्या झडपा निकामी होतात, रक्त खाली साचतं, कातडी कुजते. उपचार नीट बांधलेल्या घट्ट पट्ट्यांचा, पाय उंच ठेवण्याचा आणि शिरांचा. ते सोडून वर्षानुवर्षं मलम बदलत राहणं म्हणजे रोग रेड्याला, औषध पखालीला. पण तीच घट्ट पट्टी धमन्या अरुंद झालेल्या पायाला बांधली, तर पाय जाऊ शकतो. म्हणून आधी पायाची नाडी तपासायची. इथेही ‘काय लावू?’ शेवटी.

मधुमेहाचा पाय हा या भागाचा मुख्य विषय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांच्या पायाची संवेदना हळूहळू जाते. चपलेत खडा अडकला तरी कळत नाही, गरम फरशीवर तळवा पोळला तरी कळत नाही आणि जखम झाल्यावरही माणूस तिच्यावरून चालत राहतो, कारण दुखतच नाही. दुखणं हा शिपाई आहे. तो उठून गेला की कुणीही आत येतं.

हे कोडं आधी सुटलं ते कुष्ठरोगात. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आलं, की रुग्णांची बोटं झडण्याला रोगानं मांस खाणं कारण नाही. बधिर हातांनी ते तापलेलं भांडं उचलत, बोथट किल्ली जोरानं पिळत. काहींची बोटं तर झोपेत उंदीर कुरतडत आणि त्यांना पत्ता नसे. त्यावर त्यांनी योजलेला इलाज मला कुठल्याही प्रतिजैविकाइतकाच आवडतो : घरी जाणाऱ्या रुग्णांसोबत ते मांजर देऊ लागले. तळव्याच्या जखमांसाठी पायाच्या आकाराला घट्ट बसणारं प्लास्टर घालून दाब सगळीकडे वाटून दिला, की वर्षं वर्षं न भरलेल्या जखमा काही आठवड्यांत भरत. भारतातल्या कुष्ठरुग्णांवर घडलेली ही पद्धत पुढे ब्रँड यांच्यासोबत अमेरिकेला गेली आणि आज मधुमेहाच्या पायावरचा खात्रीचा इलाज म्हणून जगभर शिकवली जाते. औषध तेच : जखमेवरून चालायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावरच्या आणि टाचेवरच्या जखमांनाही हेच लागू. दर दोन तासांनी कूस बदलून देणारी सून किंवा लेक हेच तिथलं उत्तम मलम, आणि तिलाही झोप लागते, हे घरातल्या बाकीच्यांनी लक्षात ठेवायचं.

पुस्तकाची मांडणी वाचकाच्या सोयीची ठेवली आहे. प्रत्येक प्रकरणाला क्रियापदाचं नाव आहे. बोट चेचलं तर ‘चेचलं’ उघडावं. सुरुवातीला घरी काय करायचं, मग काय करायचं नाही आणि शेवटी दवाखाना कधी गाठायचा, असा क्रम आहे. दाबूनही न थांबणारं रक्त, बधिर झालेलं किंवा न हलणारं बोट, चेहरा, डोळा, सांधा किंवा गुप्तांगावरची जखम, कुठल्याही प्राण्याचा चावा, तळहाताहून मोठं भाजणं, वाढत जाणारी लाली आणि ताप, मधुमेह असलेल्याच्या पायाची कितीही छोटी जखम : यांतलं काही असेल तर पुस्तक मिटून निघावं. दोनतीन आठवड्यांत भरायला न लागलेली जखमही दाखवावीच. या पुस्तकाला पट्टी बांधता येत नाही.

मामांचे आभार मानायचे राहिले. ते आता नाहीत. जुनी, चिकटलेली पट्टी त्यांनी कधी ओढून काढली नाही. सलाइननं भिजवून ठेवत, तोवर पेशंटला गावाकडचं विचारत, आणि बोलता बोलता पट्टी आपण होऊन सुटे. मला तेव्हा ती निव्वळ माया वाटायची. ओढलेल्या पट्टीबरोबर नुकतं भरलेलं कोवळं मांसही निघून येतं, हे पुढे वाचनात आलं.

शेवटी एक आठवण करून देतो. आपल्या प्रत्येकाच्या अंगावर एका जखमेचा वण आहेच : बेंबी. एके काळी ती नाळ विळ्यानं कापत, वर शेण किंवा राख थापत आणि त्या प्रेमापोटी असंख्य बाळं आठवड्याभरात धनुर्वातानं दगावत. आईला दिलेली लस, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा आणि ‘नाळेला काहीही लावू नका’ हा चार शब्दांचा सल्ला यांनी ते चित्र बदललं; बाळबाळंतिणींच्या धनुर्वाताचं निर्मूलन भारतानं साधल्याचं २०१५ साली जाहीर झालं. तुमची नाळही अशीच आठदहा दिवसांत सुकून गळाली असेल. तिला काय लावलं होतं, ते घरातल्या जाणत्या बाईला एकदा विचारून पाहा आणि मग पहिलं प्रकरण उघडा.